एकाच गाठीचा उपदेश

गोजाबाईंच्या हातातल्या लोकरीच्या दोऱ्याला त्या रविवारी एकच गाठ पडली. ती कशाची आहे हे कळलं आणि शेजारी चटईवर बसलेल्या फुलाबाईने, त्यांच्या लेकीने, मान खाली घातली.

उपदेश काही आखूड नव्हता. चांगला तीन पाव तास चालला. ख्रिस्ती देवळाच्या व्यासपीठावर कुंडलिक उभा होता, फुलाबाईचा भाचा. नगरला तीन वर्षं धर्मशिक्षण घेऊन आठवड्यापूर्वीच तो सोलापुरात परतला होता. जुने पाळकसाहेब थंडीत वारले होते, आणि गावोगावी उपदेश करणाऱ्या धुळाप्पा सुवार्तिकांच्या या नातवाला पाळक करायचं की बाहेरून कुणाला बोलवायचं, हे मंडळी त्याच दिवशी दुपारी चार वाजता हात वर करून ठरवणार होती. थोडक्यात, सकाळचा उपदेश ही परीक्षा होती, आणि पोरगं परीक्षा बघता बघता जिंकत होतं. गेल्या वर्षीच्या मार्शल लॉची गोष्ट त्याने सांगितली तेव्हा पुरुषांच्या बाजूला माना हलल्या. गिरणीतल्या एका आंधळ्या हमालाची गोष्ट सांगितली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्याने हसवलं, रडवलं, आवाज चढवला, उतरवला. फक्त शास्त्राचं पुस्तक त्याच्यापुढे उघडं होतं ते उघडंच राहिलं, त्यात त्याने पाहिलं म्हणून नाही.

शेवटी मात्र तो थांबला, आणि हळू आवाजात म्हणाला, “शास्त्र सांगतं, परमेश्वर कळपाच्या मागून चालतो, कारण लंगडं कोकरू मागंच राहतं.”

सगळं देऊळ हुंदक्यांनी भरलं. हे वचन धुळाप्पांचं लाडकं होतं. होटगीपासून अक्कलकोटपर्यंत एकही बाजार असा नव्हता जिथे त्यांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांच्या थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं होतं. गोजाबाईंची बोटं दोऱ्यावर फिरली आणि गाठ बसली.

या गाठींची मंडळीत सगळ्यांनाच धास्ती होती. धुळाप्पा, गोजाबाईंचे नवरे, मूळचे होटगीच्या माळावर मेंढरं राखणारे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गोजाबाई म्हणाल्या होत्या की तुमचं समदं खरं, पण मला वाचता येत नाही, तेव्हा हे तुम्ही म्हणता की शास्त्र म्हणतं, हे मी कसं ओळखावं? त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. उपदेशक ‘शास्त्र सांगतं’ म्हणाला की त्या दोऱ्याला गाठ मारत. उपासनेनंतर उपदेशकाला घरी जेवायला बोलावत, आणि जेवण झालं की त्याने पुस्तकात बोट ठेवून एकेक वचन दाखवायचं. घरातलं कुणी वाचता येणारं ते मोठ्याने वाचायचं, मग गाठ सुटायची. न सुटलेल्या गाठी दोऱ्यावर तशाच राहत. एका गोऱ्या पाद्रीसाहेबांची अशीच एक गाठ अडकली होती. बिचारा पंधरा दिवस ते वचन शोधत होता, आणि सापडलं तसा भर उन्हात सायकल मारत आला. मटण फुकटचं नव्हतं त्या घरात.

आणि घरातलं वाचता येणारं माणूस म्हणजे गेली बत्तीस वर्षं फुलाबाई.

मिशनच्या शाळेमागे त्यांचं दोन खणांचं घर होतं. फुलाबाई विधवा झाली ती तिथेच आईजवळ येऊन राहिली. दिवसा ती वस्त्यांमधून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, आणि संध्याकाळी आई मेलेल्या कुंडलिकला वाढवायची. त्याचा बाप, म्हणजे तिचा थोरला भाऊ सिद्धनाथ, होटगी स्टेशनावर सांधेवाला होता. रुळांचे सांधे बदलण्यात त्याचा जन्म गेला, आणि पोराच्या बालपणी तो महिन्यातून दोनदा यायचा. आज मात्र तो कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि भाकरीच्या प्रत्येक घासाला पोराकडे बघत होता.

पंगतीला चौथा माणूस शरणप्पा होता. तो फुलाबाईचा धाकटा दीर, दवाखान्यात कंपाउंडर, आणि मंडळीच्या पंचांपैकी एक. औषधाचे थेंब मोजून मोजून त्याचा स्वभावच तसा झाला होता. त्याला कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तोंडदेखलं बोलताना तर नाहीच. आज तो ताटाकडेच बघत जेवत होता. फुलाबाईने दोनदा रस्सा वाढला तरी त्याने वर बघितलं नाही, तेव्हाच तिने ओळखलं की याच्या मनात काहीतरी शिजतंय.

हात धुऊन झाले. गोजाबाईंनी दोरा मांडीवर घेतला.

“तीन पाव तास बोललास, आनि गाट एकच,” त्या नातवाला म्हणाल्या. “तुजा आजा पाव तासात धा पाडायचा.”

“एकच, पण भारी आहे ना आजी?” कुंडलिक हसला. “आणि ही मी सोडवायची गरज नाही. हे वचन मला आत्याने शिकवलंय. आत्या, तूच दाखव.”

त्याने पुस्तक उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. किती प्रेमाने ठेवलं! त्या प्रेमानेच फुलाबाईला ते उघडवेना.

बत्तीस वर्षांपूर्वी ती तेरा वर्षांची होती. बोर्डिंगातून सुट्टीला आलेली, नव्यानेच भरभर वाचायला लागलेली, आणि घरात पुस्तक हातात धरायला मिळतं म्हणून फुशारलेली. आबांनी, म्हणजे धुळाप्पांनी, त्या रविवारी प्रथमच ते वचन सांगितलं होतं. दुपारी गाठी सुटत सुटत त्या गाठीपाशी आल्या, आणि आबा पानं उलटत राहिले. त्यांना वाचन उशिरा आलं होतं, अक्षर लावून लावून वाचायचे. कपाळावर घाम आला. आई दोरा धरून बसलेली, दोन पाहुणे समोर, आणि आबांनी हळूच लेकीकडे पाहिलं. मेंढरांमागे उभा जन्म काढलेल्या त्या धिप्पाड माणसाची ती नजर तिला सोसली नाही. तिने पुस्तक ओढून घेतलं, मधलं एक पान उघडलं, आणि तिथे नसलेलं वचन घडाघडा वाचलं.

आबांनी केवढा मोठा श्वास सोडला होता. “बग, हाय की,” ते म्हणाले होते. “मला वाटलंच, कुटंतरी आयकलंय.” लेकीने पुस्तकातून वाचलं म्हणजे ते पुस्तकात असणारच. दुसऱ्या दिवसापासून ते वचन बाजारोबाजारी निघालं, आणि परत बोलवायची सोय राहिली नाही. पुढे तिने सगळं शास्त्र तीनदा ओळ ओळ शोधलं. नव्हतं. आबांना सांगायचं म्हणून चारदा तोंड उघडलं, आणि चारही वेळा दुसरंच काही बोलली. मग आबा गेले. सिद्धनाथाने दगडावर कोरायला अध्याय विचारला, तेव्हा ती म्हणाली की एवढ्याशा दगडावर आकडे कशाला, जागा पुरायची नाही.

“वाच की,” गोजाबाई म्हणाल्या.

पुस्तक तिच्या हातात सवयीने त्याच पानाशी उघडलं. शरणप्पा शेजारी सरकून बसला होता आणि त्याने चष्मा लावला होता. तो नसता तर? स्वतःशी खोटं बोलायचं नाही, असं फुलाबाईने ठरवलं. तो नसता तर तिने आजही वाचलं असतं, पोराचं भलं व्हावं म्हणून वाचलं असतं, आणि चार वाजता आनंदाने हात वर केला असता.

“वहिनी,” शरणप्पा खालच्या आवाजात म्हणाला, “दगड बसवला तवापासून मी शोधतोय. मला सापडलं नाही. माझं चुकत असंल तर दाखवा. मला आनंद होईल.”

तिने पुस्तक मिटलं.

“न्हाई सापडणार,” ती म्हणाली. “शास्त्रात न्हाईच ते. आबांचं हाय. मी तेरा वर्षांची असताना खोटं वाचलं. तवापासून खोटंच वाचतेय.”

मग तिने सगळं सांगितलं. आबांचा घाम, ती नजर, ते पान. सांगताना तिला रडू आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

पहिला बोलला सिद्धनाथ. तो बहिणीवर असा कधी चिडला नव्हता. आबांना बत्तीस वर्षांनी खोटं पाडलंस, दगडाचं आता काय करायचं, आणि हे सांगायला आजचाच मुहूर्त सापडला का, असं तो एका दमात म्हणाला. मग त्याने आवाज आवरला आणि हिशोबी बोलायला लागला. हे पाच जणांत आहे. चार वाजेपर्यंत पाच जणांतच राहू द्यावं. मंडळीने सकाळी ते वचन ऐकून डोळे पुसले आहेत, ती हात वर करणारच. एकदा पोरगं पाळक झालं की सावकाशीने सांगता येईल.

“मी हात वर करणार नाही,” शरणप्पा म्हणाला.

“तुमच्या पुतण्यासारखाच न्हवं का हो त्यो?”

“म्हणूनच. दवाखान्यात बाटलीवर चिठ्ठी एक आणि आत औषध दुसरं, असं मी परक्याला देत नाही, घरच्याला देऊ? औषध चांगलं असलं तरी.” त्याने चष्मा काढून पुसला. “आणि सिद्धनाथराव, नुसतं नाही असं नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायात तर उलटं आहे. तिथला मेंढपाळ पुढं चालतो. मेंढरं मागनं येतात.”

कुंडलिक इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता. फुलाबाईला वाटलं आता हा उठून निघून जाईल, आणि गेला तर तिने त्याला कोणत्या तोंडाने अडवायचं?

“दहावा अध्याय मी परीक्षेला पाठ केला होता,” तो म्हणाला. “ग्रीकमधून वाचला होता. तरी माझ्या डोक्यात आलं नाही की आबांचं वचन त्याच्याशी जुळत नाही. मी शोधलंच नाही, काका. ते ऐकलं की लोक रडतात हे मला ठाऊक होतं. मी लोकांच्या रडण्यावर उपदेश बांधला.” मग आत्याकडे वळून म्हणाला, “तू तेरा वर्षांची होतीस. मी पंचवीसचा आहे.”

एवढं ऐकलं आणि मघापासून न आलेलं रडू फुलाबाईला आलं.

गोजाबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडून दोन वर्षं झाली होती. त्या कुठे बघतात ते कळायचं नाही, पण आता त्यांनी तोंड लेकीकडे केलं होतं.

“आनि बाकीचं?” त्यांनी विचारलं.

“बाकीचं कुठलं, आई?”

“तू वाचलंस ते समदं. माज्याकडं शास्त्र हाय ते तुज्या तोंडचं हाय, फुले. त्यातलं देवाचं किती आनि तुजं किती?”

“एवढं एकच खोटं वाचलं. शपथेवर सांगते.”

“ह्ये बी तूच सांगतीस,” गोजाबाई म्हणाल्या.

त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. भर माळावर वाट चुकलेलं माणूस विचारतं तसं त्या विचारत होत्या, आणि फुलाबाईला प्रथमच समजलं की तिने काय केलंय. पोराचं पाळकपद, आबांचा दगड, ही सगळी मागाहूनची गोष्ट. तिने म्हातारीच्या हातातली काठीच काढून घेतली होती. वाचता येत नाही आणि आता दिसतही नाही अशा बाईने उभं आयुष्य या एका आवाजाच्या भरवशावर विश्वास ठेवला, आणि आता त्या आवाजावरच भरवसा ठेवायचा कसा?

सिद्धनाथाने पान लावायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

मग गोजाबाईच बोलल्या. “मेंढरं हाकताना दोन मानसं लागत्यात. एक म्होरं, एक मागं. तुमचे आबा सदा मागं चालायचे, मी म्होरं. मागचं त्येंनी बगितलं, त्येच सांगितलं. त्यात खोटं कायबी न्हाय. पर शास्त्र सांगतं म्हनले, तितं चुकले.” त्यांनी तोंड नातवाकडे वळवलं. “बाबेलातल्या कैदेतनं लोक निघत्यात, त्ये कुटं हाय रं? पळापळ करू नगा म्हनतो त्यात. देव तुमच्या म्होरं बी हाय आनि मागची राखन बी त्योच करतो, असं कायतरी हाय.”

फुलाबाईला ते जागच्या जागी आठवलं. तापाच्या साथीच्या साली, घरात तिघं आजारी असताना, तिने आईच्या उशाशी बसून वाचलं होतं. तिने पुस्तकाकडे हात नेला.

“तू नगं,” गोजाबाई म्हणाल्या. “शरणप्पा, तू काड.”

“यशया, बावन्न,” फुलाबाई कशीबशी म्हणाली.

शरणप्पाने चष्मा पुन्हा लावला. बोटाला थुंकी लावून तो एकेक पान उलटू लागला. घाई त्याला कधी माहीतच नव्हती. फुलाबाईला वाटलं होतं की आपल्याला खात्री आहे, पण पानं उलटत गेली तशी तिची खात्री डळमळली. तेरा वर्षं झाली त्याला. तीन आजारी माणसं, डोळ्यांवर झोप, आणि आईला धीर द्यायची ओढ. त्या ओढीने आपण तेव्हाही भर घातली नसेल कशावरून? आबांना वाचवायला एकदा घातलीच होती. तिने मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, आणि ती अर्ध्यावर असतानाच शरणप्पाचं बोट थांबलं.

त्याने वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचलं. होतं. घाईने निघू नका, पळत सुटू नका, हे होतं. परमेश्वर तुमच्या पुढे चालेल हे होतं, आणि पाठीमागून राखणारा देवही तिथेच, त्याच ओळीत होता.

“अव्वा,” शरणप्पा गोजाबाईंकडे वळून म्हणाला, “अक्षराला अक्षर आहे.”

गोजाबाईंनी मान डोलावली. त्या फुलाबाईला काही म्हणाल्या नाहीत. नातवाला मात्र म्हणाल्या, “ह्याच्यावर बोल. आनि मग तुज्या आज्याचं सांग, पर आजा म्हनायचा असं सांग. त्येचं त्येला, देवाचं देवाला.”

“आणि गाठ, आजी?”

“ती ऱ्हाऊ दे. शास्त्र म्हनून बांदली हुती. ती सुटायची न्हाय.”

“आनि दगूड?” सिद्धनाथाने विचारलं. तो अजून तिथेच अडकला होता.

“त्येच्याखाली लिव, धुळाप्पा म्हनला.”

यावर शरणप्पा हसला, आणि मग सिद्धनाथालाही हसू आवरेना, जरी त्याने ते मिशांत लपवायचा प्रयत्न केला.

चार वाजता देऊळ पुन्हा भरलं. पंच मतं घ्यायला उठणार तोच कुंडलिकने बोलायची परवानगी मागितली. तो व्यासपीठावर चढला नाही, खालीच, पहिल्या बाकाजवळ उभा राहिला. सकाळी शास्त्राचं म्हणून जे मी सांगितलं ते शास्त्रात नाही, ते माझ्या आजोबांचं बोलणं आहे, आणि मी ते न पडताळता तुमच्यापुढे ठेवलं, असं त्याने साध्या शब्दांत सांगितलं. आत्याचं नाव त्याने घेतलं नाही. ते फुलाबाईने स्वतः उठून घेतलं. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. मग कुंडलिकने यशयाचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, पुढचं वाचलं, मागचं वाचलं, आणि त्या लोकांना घाई करू नका असं का म्हटलंय ते समजावून सांगितलं. दहा मिनिटं बोलला असेल. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. सगळे ऐकत मात्र होते, आणि ज्यांच्याजवळ पुस्तक होतं त्यांनी ते उघडलं होतं.

पहिला हात शरणप्पाने वर केला. बाकीचे एकेक करत झाले. सिद्धनाथाचा हात सर्वांत उशिरा वर गेला, आणि जाताना त्याने बायकांच्या बाजूला बसलेल्या बहिणीकडे एकदा पाहिलं. ती नजर पुरेशी होती. फुलाबाईला कळलं की तो रात्री जेवायला थांबेल.

घरी परतताना लोकांनी कुंडलिकला वाटेतच गाठलं होतं, त्यामुळे मायलेकी दोघीच पुढे आल्या. उन्हं कलली होती. फुलाबाईने आईला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि आत चुलीकडे जायला निघाली.

“पुस्तक आन,” गोजाबाई म्हणाल्या.

तिने आणलं, पण उंबऱ्यातच थांबली. “कुंडलिक येतोय की मागनं. त्याला वाचायला सांगते.”

“त्येला समद्या मंडळीला वाचून दावायचंय. मला तू हायस.” गोजाबाईंनी शेजारची जागा हाताने झाडली. “पहिल्या पानापासनं वाच. एक बी ओळ सोडायची न्हाय.”

“समदं? आई, दोन वर्षं लागतील.”

“लागू देत. मी कुटं चालली न्हाय. आनि बोट ठिवून वाच.”

“तुला कुठं दिसतंय बोट ठेवलेलं?”

म्हातारीने हात पुढे करून लेकीचा हात चाचपला, आणि तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

“आता वाच,” त्या म्हणाल्या. फुलाबाई पहिली ओळ वाचू लागली, आणि दोघींची बोटं एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर सावकाश सरकत राहिली.